वाळपईच्या वहीत नांपुला

पोत्यावर निळ्या शाईत ठसा असतो: नांपुला.
मी वहीत लिहितो: आफ्रिका, ऐंशी किलो, ओल नऊ टक्के.
गावासाठी रकाना नाही.

फेब्रुवारीत एक माणूस आला, मोमादे आमिसे,
कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत प्लास्टिकची फाइल.
मालकाला वाटलं, बी विकायला आलाय; खुर्ची पुसून दिली.
तो आला होता आमची सोलणी यंत्रं बघायला,
मागच्या शेडमध्ये गंजत पडलेली बारा यंत्रं,
भंगाराच्या भावात.
खुर्ची तिथेच राहिली, चहा मात्र आला नाही.

दुभाषा म्हणून बोनिफास दिनीझला आणलं.
बैरा बंदरात रेल्वेची तिकिटं फाडून
पंचाहत्तरला एका ट्रंकेनिशी परतलेला म्हातारा.
ट्रंकेत अजून तिकडच्या नोटा आहेत,
घडी मोडली की तुटतात.
मोमादेचं पोर्तुगीज ऐकताना त्याने टोपी काढली,
का, ते त्यालाही सांगता आलं नाही.
एकच शब्द त्याला उलटवावा लागला नाही:
काजू.

मोमादे बोलत गेला, बोनिफास ठेचकाळत मागे.
गावात कारखाना होता. आई तिथे सोळा वर्षं.
नवा झेंडा चढला त्या दिवशी पहिल्या डब्याला
बायांनी जास्वंद बांधली होती.
मग लढाई. रूळ उपटले, झाडांखाली सुरुंग,
बी पिकून गळायची, वेचायला कोण जाणार?
मग शांतता आली,
आणि तिच्या पाठोपाठ कर्ज देणारे,
हळू आवाजात बोलणारे, पाणीसुद्धा स्वतःचं आणणारे.
म्हणाले, कच्ची बी तशीच बाहेर जाऊ द्या,
शेतकऱ्याला चार पैसे जास्त सुटतील.
मंत्र्याने मान हलवली. तिथे मान हीच सही.

सुटले का चार पैसे? मी मध्येच विचारलं.
मोमादे हसला.
बोनिफास म्हणाला, तो सांगतोय, वाट लांब होती,
आणि वाटेत हात फार.

नंतर सरकारने नोटांवरची तीन शून्यं खोडली.
आई भाकरीच्या दुकानात तेवढाच वेळ उभी राहिली.
कारखान्यात आता मतपेट्या ठेवतात,
पाच वर्षांनी एकदा कुलूप उघडतं,
झाडलोट होते.

कधी बंद पडला? मी विचारलं.
त्याने साल सांगितलं.
मी आत गेलो, कपाटावरची जुनी वही काढली.
त्याच्या पुढल्याच वर्षी, माझ्याच अक्षरात:
दुसरी पाळी सुरू. बाया सत्तेचाळीस.
एकोणिसावं नाव द्रौपदी गावस.
तिच्या पहिल्या पगारात घरावर कौलं आली होती,
ती मला पेढे देऊन गेली होती.
मी वही मिटली.
कुणाला दाखवायची होती?

आता व्हिएतनामचा गर आमच्याहून स्वस्त पडतो.
दुसरी पाळी गेल्या दिवाळीपासून नाही.
म्हणून तर यंत्रं मागच्या शेडमध्ये.

मालक डॉलरमध्ये बोलत होता.
मोमादे फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा मोजत होता,
पैसे नव्हते ते, अर्ज होते.
शेवटी बारातली चार ठरली.

द्रौपदी त्याला पायडल दाबून दाखवत होती,
बी उभी धर, आडवी धरलीस तर गर फुटतो.
तेलाने काळी पडलेली तिची बोटं
तो बराच वेळ बघत राहिला.
मग खिशातून आईचा फोटो काढला
आणि दाखवला नाही, परत ठेवला.
तिने विचारलं, तुमच्याकडे हाताला काय लावतात?
बोनिफासला शब्द सापडेना.
मोमादेने चुलीकडे बोट केलं. राख.
आम्हीही, ती म्हणाली. एरंडेल महाग झालं.

खोक्यावर ठसा मारायची पाळी माझ्यावर आली.
आमच्या गावाचा ठसा कधी लागलाच नव्हता,
पत्र्यातून कापून घेतला. ळ नीट आला नाही.

वहीत लिहिलं: जावक, यंत्रं चार.
कुठे, याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं.