दिव्याचे तास

दिवसभर मी शहराचं पाणी नितळ करते.
म्हणजे एकटी नाही. तुरटी, वाळूचे थर, क्लोरीन,
आणि माझ्या टेबलावर काचेच्या नळीत
गंगापूर धरणाचा एक घोट,
त्याचा गढूळपणा मी आकड्यात लिहिते,
खाली सही करते.
मग कॉलेज रोडला कुणीतरी नळ सोडतं.

आणि घरी, जेल रोडला,
दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या दोन फुटी टाकीत
हिरवं माजलंय.

आधी काचेवर ठिपके,
मग पाणवनस्पतींच्या पातींना झालर,
मग फिल्टरच्या तोंडाला काळी दाढी.
दाढीच म्हणतात तिला. शालिमारचा अश्फाक म्हणाला,
"ताई, ही वस्तऱ्यानं जात नाही."

मी वस्तराच घेतला.
बाद झालेलं एटीएम कार्ड, रेवतीचा जुना टूथब्रश.
ब्रशला पीळ दिला की शेवाळ गुंडाळून येतं,
न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखं.
जेवताना बोटांना वास.

रविवारी बादल्या.
एक तृतीयांश पाणी बाहेर, तेवढंच आत,
आदल्या रात्री उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं.
(सकाळी जो मीच मोजून घालते.)

नायट्रेट तपासलं, फॉस्फेट तपासलं.
त्यासाठी लॅबमधले थेंब पर्समधून आणले,
हे लिहू नये, पण आणले.
आकडे बरोबर.
खाणं निम्मं केलं. गप्पींनी मला ओळखणं सोडलं.
दिव्याला टायमर: चार ते दहा, सहाच तास.
तरी बुधवारपर्यंत काच पुन्हा हिरवी.

आनंदवलीला नदीतली जलपर्णी काढतात, बसमधून दिसतं.
काढलेली काठावर वाळते
आणि वरून पुढची येते, सावकाश,
जशी काही बोलावली आहे.

शेवटी म्हटलं, अंधार.
तीन दिवस टाकी झाकून ठेवायची.
शुक्रवारी रात्री माहेरच्या घोंगडीत गुंडाळली
आणि झोपले.

अडीचला तहान लागली.
दिवाणखान्यात हिरवट उजेड.
मामंजी खुर्ची ओढून बसलेले,
घोंगडी घडी करून मांडीवर,
टायमर काढून बाजूला, प्लग थेट भिंतीत.

छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
त्यातली कितीतरी रात्रपाळीची.
कोरा कागद उजेडावर धरायचा,
आतली खूण बघायची,
पुढचा कागद.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
झोपेला कुणी कळवलेलं नाही.

"तू झोप," म्हणाले, चोरी सापडलेल्या मुलासारखे.
"हा पट्ट्याचा जागाच असतो गं.
म्हटलं, बघावं कोण कोण हजर आहे."

मी पाणी प्यायले. पिता पिता हिशेब झाला:
एक ते पाच, चार तास,
रोज, बहुतेक वर्षभर.
सहा अधिक चार.
नायट्रेट नव्हतं ते, फॉस्फेट नव्हतं.
एका माणसाचं जागरण खाऊन
वाढत होतं बिचारं.

उपाय पाठच होता: दिव्याचे तास कमी करा.
कुणाचे, ते सांगितलेलं नव्हतं.

सकाळी टायमर फिरवला.
सात ते नऊ, रेवतीसाठी.
मग एकदम एक ते पाच.
मासे आता रात्रपाळीला असतात.

काळी दाढी आहे अजून, फिल्टरला थोडी.
रविवारी खरवडते, पूर्वीइतक्या रागानं नाही.
आणि सकाळी डबा भरताना ओट्यावर
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरात:
गप्पी अकरा. गोगलगाय एक. पट्ट्याचा हजर.

कालच्या कागदावर गप्पी बारा होते.
मी चष्मा लावून टाकीपाशी वाकले, अकराच मोजले.
पण मामंजींची मोजणी चुकत नाही.
बस चुकली तरी चालेल म्हणून
मी मागच्या काचेकडे, जिथं अजून हात पोचलेला नाही,
त्या हिरव्यात नीट बघत बसले.