सतरावं नाव

पंचवीस वर्षं आइस हॉकीचा संघ चालवला,
बर्फावर एकदाही उभा राहिलो नाही.
सातपूरच्या गाळ्यात ऑफिस:
पंखा, करारांच्या फाइली,
लेहहून परत आलेली एक तुटकी स्टिक.

पोरं इथं चाकांवर शिकायची,
डिसेंबरात जम्मूची गाडी धरायची.
मी पाठवायचो तिकिटं, हातमोजे, पैसे.
आणि यादी.

सतरावं नाव मीच खोडायचो.
पेन्सिलीनं;
तेवढाच आपला धीर.

काल द्वारकेच्या सिग्नलला
सलीम कोकणी. अठ्ठ्याण्णवचा, खोडलेला.
टेम्पोत बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट.
"साहेब, मिळाला की बर्फ शेवटी!"
मी हसलो असेन बहुतेक.

हिरवा पडला.
टेम्पोमागं डांबरावर
ओली रेघ ओढत गेली,
पार नाशिकरोडकडे.