रिकामा चौकोन

कुशिरोचं धुकं गिऱ्हाइकाच्या मागोमाग दुकानात शिरतं.
आज ते हागिवारा बाईंच्या मागून आलं.
त्यांच्या हातात नवऱ्याच्या शोकपत्राचा नमुना,
बाजारातून छापून घेतलेला.
तारीख बरोबर, पत्ता बरोबर,
आडनावाच्या जागी एक रिकामा चौकोन.

त्यांच्या आडनावात एक रेघ जास्त आहे.
कुणा पणजोबाच्या कारकुनाने ओढलेली,
कुठल्याच संगणकाला न शिकवलेली.
माझ्या सासऱ्यांनी एका हिवाळ्यात
ठिपका ठिपका भरून ते अक्षर घडवलं होतं.
ते आहे एमओ डिस्कवर. डिस्क आहे.
ड्राइव्हही आहे, फडताळात, चहाच्या डब्यांमागे,
पाठीला पन्नास पिनांचं तोंड.

नवा लॅपटॉप त्याला ओळखच देईना.
भाचा युहेई तीन अडॅप्टर घेऊन आला,
तिसऱ्याला जरा वास आला, म्हणून थांबलो.
मग माळ्यावरून मधल्या पिढीचा संगणक काढला,
ज्याला म्हाताऱ्याचं पुटपुटणं कळतं
आणि पोरांचंही थोडंफार.
(या घरात वीस वर्षं हे काम माझं होतं.)

आधी ड्राइव्ह चालू करायचा, मग संगणक.
उलट केलंत तर दिवसभर रुसवा.
आणि साखळीच्या टोकाला बूच हवंच,
नाहीतर निरोप भिंतीला आपटून माघारी येतो
आणि स्वतःलाच ऐकू येत राहतो.
बूच सापडलं सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीत.

घरघर. थांबली. पुन्हा घरघर.
मी श्वास धरला, युहेई बिस्किट खात होता.

फाइल उघडली. बाहेर आली
अठरा अक्षरं, अठरा घरांची.
बाई एकेकावर बोट ठेवत गेल्या:
हे मासळीवाले, साप्पोरोला गेले.
हे मला माहीत नाहीत.
हे आम्ही.

त्या वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.
"ही खालची रेघ आखूड आहे.
ते दर वर्षी म्हणायचे. तुमचे सासरे ऐकायचे नाहीत."

सासरे कुणाचंच ऐकायचे नाहीत.
मी अक्षर मोठं केलं,
खिडकीएवढं, काळ्या-पांढऱ्या फरशीसारखं.
"किती वाढवू?"
त्यांनी चिमटीत माप दाखवलं, मग चिमूट लहान केली.

मी एक ठिपका भरला.
"आता?"
त्या काही बोलल्या नाहीत,
पर्समधून पत्त्यांची वही काढली
आणि नावं मोजायला बसल्या.