किमान दर्जा

व्हर्लिन म्हणतो, फोड.
पक्कड घे, कोपऱ्यावर दाब,
भुईमुगाच्या शेंगेसारखं उघडतं ते प्लास्टिक.
मग दुसऱ्या कंपनीकडे पाठव,
तुझा चौसष्ट पासष्ट होईल,
आणि त्या एका आकड्यात
गॅरेजचं नवं दार बसतं.

नाणं आयडामावशीचं.
कार्सन सिटीचा चांदीचा डॉलर, अठराशे चौऱ्याऐंशीचा,
बेकिंग पावडरच्या डब्यात तळाशी ठेवलेला.
ती गेल्यावर मी तो पाठवला पारखायला,
आणि तीन आठवड्यांनी तो परत आला
पारदर्शक डबीत, कायमचा बंद,
डोक्यावर चिठ्ठी : चौसष्ट.
ती कंपनी आता उरलेली नाही.
प्रदर्शनात तिचं नाव काढलं
की लोकांना खोकला येतो.

रात्री जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली धरते.
बाईच्या गालावर एक ओरखडा आहे,
टाकसाळीच्या पिशवीत हजार बहिणींशी
आदळल्याचा.
कडेला निळी-तांबूस झाक,
पंपावर सांडलेल्या पेट्रोलसारखी.
पासष्ट? असेलही.
मान जरा कलती केली
तर मला त्रेसष्टसुद्धा दिसतो.

हे काम मला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं मी ग्रँड आयलंडच्या कारखान्यात
बीफला दर्जा देत उभी होते.
पांढरा कोट, पोलादी टोपी, आतून लोकरीचे दोन स्वेटर.
बाराव्या आणि तेराव्या बरगडीमधला काप,
त्यात चरबीची नक्षी किती, बघायचं आणि म्हणायचं :
प्राइम. चॉइस. सिलेक्ट.
एका धडाला दहा सेकंदसुद्धा नाहीत,
साखळी कुणासाठी थांबत नाही.
एका शब्दावर कुणाचं तरी
वर्षभराचं गणित वर किंवा खाली.

एका फेब्रुवारीत
साखळी अडकली, मागे फिरली, पुन्हा सुटली,
आणि एक धड माझ्यासमोरून
दोनदा गेलं.
मी ते ओळखलं, पण उशिरा,
डाव्या कुशीवरच्या जखमेच्या वणावरून.
सकाळी मी त्याला सिलेक्ट म्हटलं होतं.
जेवून आल्यावर चॉइस.
दोन्ही वेळा मी खरं बोलत होते.

कुणाला सांगितलं नाही.
पाठीमागच्या क्लिफनं शिक्क्यावर शिक्का मारला
आणि जांभळी शाई सुकली.

म्हणून व्हर्लिन "डोळस लोक" म्हणतो
तेव्हा मला दिसतो
कुठल्याशा खोलीत वाकलेला एक माणूस,
त्याची मान दुखतेय,
दुपारचे सव्वातीन झालेत,
माझ्या आधीचं नाणं फार देखणं होतं
किंवा फार भिकार,
आणि त्या उजेडात आता आयडाचा डॉलर.

फॉर्म भरायला घेतला.
डबी न फोडताही पाठवता येतं म्हणे.
त्यांना पटलं तरच ते फोडतात,
नाही पटलं तर जसंच्या तसं परत,
फी मात्र त्यांची.
नाव, पत्ता, विम्याची रक्कम.
मग एक रकाना : किमान दर्जा.
म्हणजे याच्या खाली गेलात
तर हात लावू नका.

इथे माझं पेन थांबलं.
एकतीस वर्षांत
एकाही गुराच्या मालकाला
असा रकाना कुणी दिला नव्हता.

कोपऱ्यात पेन्सिलीनं माझा स्वतःचा आकडा लिहिला,
बारीक, खोडता येईल असा.
मग तो खोडला.
रबराचा भुगा फुंकला तेव्हा डॉलरकडे पाहिलं.
त्याच्यावर एकच आकडा असा आहे
जो कुणी पारखून दिलेला नाही :
एक.
आयडा असती तर त्याची
पावाची लादी आणि वर सुटे मागितले असते.

पक्कड गॅरेजमध्येच आहे,
त्या दाराच्या आत, जे नीट लागत नाही.
वारा सुटला की रात्रभर वाजतं.
आत्ता वाजतंय.
रकाना अजून रिकामा आहे, आणि पोस्ट
शनिवारी दुपारी बारालाच बंद होतं.