सहा भोकांचं गोल्फ

शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं साचे भरलेला
दस्तगीरमामा फूटपट्टी आणत नाही.
प्रणोतीला पुढं चालवतो:
अठरा पावलं. बास, इथं पहिला.

कळंब्यामागचा हा माळ, ऊस कधी न लागलेला.
पाईपच्या तुकड्यानं भोक, भोकात पत्र्याचा डबा.
म्हशी दोनदा हाकलल्या,
खुरांचे ठसे मात्र तसेच हिरवळीत.

"लांब मारायला शिकंल पुढं.
आधी डब्यात पडल्याचा आवाज ऐकू दे."

सहाव्याला उतार चुकला.
चेंडू डब्याच्या कडेला टेकून वळला,
गडगडत परत प्रणोतीच्या चपलेशी.
मी फावडं उचललं.
ती तोंडावर हात धरून हसत होती,
पुन्हा मारत होती, पुन्हा चेंडू परत.

मामा म्हणाला, ऱ्हाऊ दे की.
ह्यो पोरांना घरी जाऊ द्यायचा न्हाई.