शिसं

काडतुसं भरायच्या दिवशी इनासकाका
आधी आमची चूल विझवायला लावायचा,
मग देवळीतली चिमणी.
दारूला घरात दुसरा विस्तव नको, म्हणायचा
आणि दारू म्हणताना
मागीलदारच्या हुर्राकाच्या कॅनकडे बघून हसायचा.

पितळी नळ्या दहा,
चिंचेने घासून उन्हात उपड्या घातलेल्या.
माझं काम चकत्यांचं:
जुन्या लग्नपत्रिकांमधून पंचाने पाडायच्या.
एकीवर ‘चि. सौ. कां.’ यायचं,
एकीवर ‘आमच्या येथे श्री’,
एकीवर नुसती गणपतीची सोंड.
ती तो वेगळी ठेवायचा.
“तुमचो देव तो,
तेका डुकराच्या आंगार कित्या उडवूचो?”

छर्रे मात्र दुकानातले नव्हते.
माडाखाली तीन चिऱ्यांवर कढई,
तिच्यात बाबांच्या जाळ्याची शिशी,
दोर कापून एकेक सोडवलेली.
बाबा तेव्हा खाटेवर. डावी बाजू गेलेली.
खिडकीतून बघत असायचे.
त्यांना कोणी विचारलं होतं की नाही
मला अजून माहीत नाही.

“शिसा इतळता तेव्हा बोलाचा नाय.
थुकी पडली तर तोंडार उडता.”
म्हणून आम्ही तिघंही गप्प.

शेवटी मेण,
इगर्जीतून आणलेल्या अर्ध्यामुर्ध्या मेणबत्त्यांचं.

लागलं एकदाच. नाताळच्या आधी,
वेळागरच्या रताळ्यांत.
वाटे पडले, आमच्याकडे मागचा पाय आला
आणि तिसऱ्या घासाला
माझ्या दाढेत कट्‌कन काहीतरी.
बाबांनी हात पुढे केला, चालता हात.
तो दाणा तळव्यावर घेऊन
मासळीचे भाव ठरवताना बघावं तसं
बराच वेळ बघितलं
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

दाढेचा टवका तसाच आहे.
पावसाळ्यात जीभ तिकडे जास्त जाते.

काका गेला ह्या फेब्रुवारीत.
बंदूक आधीच्या निवडणुकीला चौकीत जमा केली
ती सोडवून आणायची राहिली,
आणि कपाटावर राहिली बिस्किटांची ही पेटी.

हवालदार आरोलकर अर्ज भरून घेतात.
काडतुसं, नग आठ.
भरलेली की रिकामी?

मला सांगता येईना.
पितळ हिरवं, मेण मुंग्यांनी पोखरलेलं,
आतली पत्रिका सैल झालेली असणार.
मी एक कानाशी नेऊन हलवलं.

रापण वर घेताना
जाळ्याचा तळ ओल्या वाळूवरून यायचा,
तो आवाज.
फार लांबून.

आरोलकरांनी हात पुढे केला. त्यांनीही हलवलं.
“आमच्याकडे पण होती,” म्हणाले, “बापाशीच्या वेळेला,”
आणि काय ते न सांगता
रकान्यात लिहिलं:
भरलेली.