दुसरं चाक

सावद्याच्या पुढे, भर वैशाखात, कोरड्या आभाळाखाली
मी चिखलात रुतलो.
कुणाच्या तरी केळीबागेची पाइपलाइन रात्री फुटलेली,
साइडपट्टीची काळी माती पोटभर प्यायलेली.
मागच्या सीटवर बर्फाची पेटी,
पेटीत पालच्या दवाखान्यातल्या रक्ताच्या अकरा नळ्या.
वेळ सव्वाबारा. तापमान विचारू नका.

डावं चाक फिरत होतं, फिरत होतं,
माझ्याच दारावर चिखल थापत होतं.
उजवं, डांबरावर, कोरडं ठणठणीत,
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं उभं.

घड कापणाऱ्या टोळीने चाकाखाली खोडं सारली,
ढकललं, हसले, परत ढकललं.
एकजण म्हणाला, "साहेब,
तुमच्या गाडीले एकच चाक कामाले हाये का?"

फैजपूरच्या नाक्यावर मुराद तडवीने सगळं ऐकून घेतलं.
"डिफरन्शियल," म्हणाला. "दोघाले सारखंच वाटते ते,
पन माप घसरनाऱ्याचं.
चिखलातल्याले चिमूटभर जोर पुरते,
मंग कोरड्यालेही चिमूटभरच."
मला एकदम माझा थोरला भाऊ आठवला,
वाटणी, आमराई, अण्णांची शेवटची दोन वर्षं.
मुरादने माझं तोंड बघितलं.
"मी गिअरचं बोलून राह्यलो, भाऊ."

कोइमतूरहून खोकं आलं.
तेलकट कागदात गुंडाळलेलं, तपेल्याएवढं जड,
आत तिरक्या दात्यांची चक्रं एकमेकांत रुतून बसलेली.
किंमत मी घरात सांगितली नाही;
कुमुदिनीने ती खोक्यावरच वाचली.
"एवढ्यात तो रस्ता नसता का झाला?"
नसता झाला. पण मी गप्प बसलो.

काम रात्री. दिवसा पाना हातात धरवत नाही.
गिअरबॉक्स खाली उतरला,
जुनं तेल परातीत, काळं, जळक्या लसणासारखा वास.
बेअरिंग तेलात तापवून बसवलं,
मोठ्या चक्राचे बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने.
प्रत्येक बोल्टला पाना एकदा खट् म्हणायचा
आणि मुराद मान डोलवायचा,
जणू कुणी आपलं नाव सांगून आत येत होतं.
अडीचला त्याच्या पोराने शेव आणि कांदा आणला.
बॉनेटवरच खाल्लं.

चावी देताना म्हणाला,
"स्टेअरिंग आता हाताले वढीन. वढू द्या, पन सोडू नका.
अन् एक चाक पार हवेत गेलं ना,
तर हेही काही करू शकत नाही.
तवा ब्रेक हळूच दाबा, अॅक्सलरेटर न सोडता.
रिकामं फिरनाऱ्यावर थोडं वझं टाका,
मंग दुसऱ्याले भेटते."

मी म्हटलं, हे आता गिअरचंच ना?
तो हात पुसत होता.

पालच्या घाटात तिसऱ्या वळणावर
रस्त्याची कड तुटलीय, ट्रक आला की खाली उतरावंच लागतं.
उतरलो. गाडी तिरपी,
डावं चाक उचललं गेलं, आणि तोच जुना आवाज,
हवेला दळत बसलेला.
मागे पेटीत बर्फ सरकला.

ब्रेकवर डावा पाय. अंडं ठेवावं तसा.
एक क्षण काहीच नाही.
मग उजव्या बाजूने, ज्या बाजूला मी कधी लक्षच दिलं नव्हतं,
कुणीतरी खांदा लावला.
स्टेअरिंगने हाताला हिसका दिला,
दावं ओढणाऱ्या गोऱ्ह्यासारखा,
आणि आम्ही रस्त्यावर.

पुढे सपाटीला थांबून पेटी उघडली.
नऊ नळ्या, सगळ्या उभ्या.
पहिलीवर नर्सच्या वाकड्या अक्षरात:
गेंदली बारेला, वय एकोणीस, उपाशीपोटी.

झाकण लावलं.
भावाचा नंबर फोनमध्ये आहे अजून.
सावद्याला पोचेपर्यंत
हात स्टेअरिंगशी भांडत राहिले.